गोड सोडलं, तरी साखर का उतरेना? इंदूरच्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

काका ५७ वर्षांचे. इंदूरच्या कापड बाजारात एका घाऊक दुकानाचे हिशेब पाहतात. सकाळी दहा ते रात्री आठ गादीवर बसून काम, येणंजाणं स्कूटरवर. घर राजेंद्रनगरच्या बाजूला. घरात काकू, ८२ वर्षांच्या आजी, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इंदुरातलं, त्यामुळे ताटात वरण-भात आणि पोळी-भाजी, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की पोहे-जिलबी, कचोरी, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. साखरेचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही.

काकांना मधुमेह असल्याचं पाच वर्षांपूर्वी कळलं. सुरुवातीला मेटफॉर्मिन ही गोळी होती, पुढे तिच्या जोडीला ग्लिमेपिराइड ही दुसरी आली. पहिल्या भेटीत कागदावर दोनच सूचना मिळाल्या होत्या: ‘गोड बंद, फिरायला जा.’ फिरणं जमेल तसं होत होतं. गोड मात्र काकांनी खरोखर सोडलं होतं. दोन वर्षांत श्रीखंड नाही, पुरणपोळी नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. दिवाळीला घरात फराळ झाला तरी हा माणूस करंजीला हात लावत नसे.

नेमकी अडचण

एवढं करून एचबीए१सी ८.६ टक्के आला. ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. ८.६ म्हणजे रक्तातली सरासरी साखर २०० मिलिग्रॅमच्या आसपास. उपाशीपोटी १३८, जेवणानंतर दोन तासांनी २६२. वजन ७८ किलो, उंची १६६ सेंटिमीटर, कंबर १०१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात. पोटाच्या आत साठलेली चरबी जितकी जास्त, तितका यकृताचा आणि स्नायूंचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. मग शरीरात इन्शुलिन तयार होत असूनही साखर रक्तातच फिरत राहते.

डॉक्टर तिसरी गोळी सुरू करणार होते, आणि पुढे इन्शुलिन लागू शकेल असंही म्हणाले. काका अगदी खचले होते. आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “ताई, आता आणखी काय सोडू?”

मी आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारून लिहून घेतलं. सकाळी शेव घालून पोह्यांची भरलेली बशी. दुपारच्या डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी चहाबरोबर टोस्ट. रात्री तीन पोळ्या, वर वाटीभर भात, आमटी. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून जवळजवळ २० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. वाटीभर भातातून ४० ग्रॅमच्या आसपास, आणि ७० ग्रॅम कोरड्या पोह्यांतून ५० ग्रॅमच्या वर. दिवसभराची बेरीज ३०० ग्रॅमपर्यंत गेली. प्रथिनं ५० ग्रॅमच्या आतच होती. या सगळ्यात साखरेचा एक चमचाही नव्हता. पण पोळी, भात, पोहे, बटाटा, साबुदाणा यांतलं पिष्ट पचलं की त्याचं ग्लुकोजच होतं. जिभेला ते गोड लागत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट काकूंच्या बोलण्यातून सहज निघाली. घरात गुरुवार, दोन्ही एकादशा आणि संकष्टी. महिन्याचे सात-आठ उपास. प्रत्येक उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काकूंनी स्वतःच हसत म्हटली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमपेक्षा जास्त कर्बोदकं असतात, प्रथिनं नावालाही नाहीत आणि तंतू अगदी थोडे. थोडक्यात, काका ज्या दिवशी सर्वांत जास्त संयम पाळत होते, त्याच दिवशी त्यांच्या पोटात सर्वांत जास्त पिष्ट जात होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिसऱ्या गोळीचा. तो चुकीचा नव्हता. ८.६ घेऊन वर्षभर बसून राहण्यापेक्षा गोळी वाढवणं केव्हाही चांगलं, आणि मी ते काकांना स्पष्ट सांगितलं. औषधाला पराभव समजणारी माणसं वेळ घालवतात, आणि तेवढ्या काळात डोळ्यांचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान होत राहतं.

दुसरा पर्याय मुलाने शोधून आणला होता: काही महिने अगदी कमी उष्मांकांचं पेय-सूप घेऊन झपाट्याने वजन उतरवायचं. यामागे खरं संशोधन आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. अशा आहाराने वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाअखेरीस औषधाशिवाय आटोक्यात होता. मात्र तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या होत्या आणि प्रशिक्षित माणसं सतत पाठीशी होती. एकत्र कुटुंबात रोज सहा माणसांचा स्वयंपाक होत असताना काकांनी कोपऱ्यात बसून सूप प्यायचं, हे आठवडाभरही चाललं नसतं, असं मला वाटलं. काकूंचंही तेच मत पडलं.

तिसरा पर्याय ओळखीच्यांनी सुचवलेला: कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, गव्हाऐवजी फक्त ज्वारी. मेथीतल्या तंतूंचा थोडा उपयोग होतो. पण चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या आल्या, तर पिष्ट जवळजवळ तेवढंच राहतं. बाजारातल्या ‘मल्टिग्रेन’ आट्याचीही हीच गत.

चौथा पर्याय होता घराचंच ताट बदलण्याचा. कर्बोदकं उतरवायची, प्रथिनं आणि भाज्या चढवायच्या, आणि मीटर लावून हे खरोखर लागू पडतंय का ते पाहायचं. डॉक्टरांनी यासाठी तीन महिने दिले, अट एकच: तेव्हा एचबीए१सी आठच्या खाली आला नाही तर गोळी सुरू.

काय केलं

आधी मोजमाप. काकांच्या घरी ग्लुकोमीटर होता, पण त्यावर फक्त सकाळची उपाशीपोटीची साखर पाहायचे. त्या आकड्यावरून कोणतं जेवण बाधतं ते कळत नाही. पट्ट्या महाग, म्हणून आठवड्यातून तीनच जेवणं निवडायची. त्या जेवणाआधी एकदा मोजायचं, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. सुनेने कालनिर्णयच्या चौकोनात आकडे लिहायला घेतले. कॅलेंडर स्वयंपाकघरातच टांगलेलं, त्यामुळे सगळ्यांच्या नजरेखाली.

पहिल्या पंधरवड्यातच कॅलेंडर बोलायला लागलं. शेव घातलेले पोहे: १३४ वरून २४१. डब्यातल्या चार पोळ्या आणि बटाटा: १२८ वरून २१४. गुरुवारची साबुदाण्याची खिचडी: १३१ वरून २६८. आणि एका रविवारी, भाजी शिळी नको म्हणून काकूंनी सहज केलेली मटकीची उसळ, दोन पोळ्या, काकडीची कोशिंबीर आणि ताक: १२६ वरून १६८. काकू त्या आकड्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मी तासभर समजावून जे झालं नसतं, ते या चार ओळींनी झालं.

मग ताट. इथे पहिला खरा निर्णय होता: काकांचं वेगळं करायचं की सगळ्या घराचं एकच? काकूंना वेगळं ताट मान्य नव्हतं. “घरच्या माणसाला आजाऱ्यासारखं बाजूला बसवायचं नाही,” असं त्या म्हणाल्या. मलाही तेच बरोबर वाटलं. पण आजींचं वय ८२ आणि नातू वाढीचा, त्यांचं खाणं कापून चालणार नव्हतं. म्हणून स्वयंपाक एकच आणि वाढणं वेगळं, असं ठरलं. रोज एक उसळ किंवा घट्ट वरण, एक पालेभाजी किंवा फळभाजी, कोशिंबीर, दही. काकांना दोन पोळ्या, भात हवा असेल त्या दिवशी एकच पोळी आणि अर्धी वाटी भात. आजींना मऊ भात, तूप आणि तेच वरण पोटभर. जेवायला आधी कोशिंबीर-उसळीने सुरुवात करायची, पोळी मागून. सर्वांत अवघड गेलं ते पोळ्यांचा डबा पानावरून उचलून ओट्यावर ठेवणं, कारण काकूंचा हात डब्याकडे आपोआप जायचा. आग्रहावरच आपली पंगत उभी असते. तीस वर्षांची ती सवय त्यांनी महिन्याभरात बदलली. या प्रकरणातलं सर्वांत मोठं काम मला हेच वाटतं.

प्रथिनांसाठी सुनेने सोयाबीनचा विषय काढला. माळव्याच्या शेतांत पावसाळाभर सोयाबीनच दिसतं, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे, पण आपल्या घरांत ते फक्त तेलाच्या रूपाने येतं. कच्चं सोयाबीन तसंच दळू नये. त्यातले काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून, उन्हात कडकडीत वाळवून, नऊ भाग गव्हाला एक भाग या मापाने गिरणीत दिलं. पोळी किंचित पिवळसर होते, चवीत फरक जाणवत नाही. नातवाला तर कळलंही नाही.

पोहे बंद करायला काका तयार नव्हते, आणि इंदूरच्या माणसाकडून मी ती अपेक्षाही केली नाही. आठवड्यातून दोनदा, निम्मे पोहे, त्यात मोड आलेले मूग, मटार, भाजलेले दाणे, कोथिंबीर आणि हवं तितकं जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. शेव आणि जिलबी नाही. आकडा आला १३० वरून १७८. एरवी मूगडाळीची धिरडी, बेसनाचे पोळे किंवा दह्याबरोबर थालीपीठ. धिरड्यांचा आकडा सगळ्यांत चांगला निघाला: १२७ वरून १५२. काकूंनी त्याभोवती पेनाने गोल काढला.

रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीतच चालायचं. पहाटे उठून बागेत जाणं काकांना जमत नव्हतं, आणि जेवणानंतरची साखर उतरवायला जेवणानंतरचं चालणंच जास्त कामी येतं.

उपासाची एकादशी आणि दुकानातली दुपार

ही घटना सविस्तर सांगायला हवी, कारण ती कुठल्याही घरात घडू शकते.

खिचडीचा २६८ पाहून काका हबकले होते. ताटातलं कमी करण्याआधी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, असं मी सांगितलं होतं. भेट सोमवारची ठरली होती. एकादशी त्याआधी आली. काकांनी स्वतःच ठरवलं की आज खिचडी नको. मूठभर दाणे आणि थोडं दही खाल्लं, नेहमीच्या दोन्ही गोळ्या घेतल्या आणि दुकानात गेले.

बाराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे आकडे नाचू लागले. उपासाने झालं असेल, म्हणून सहकाऱ्याने प्रेमाने कचोरी आणून दिली. उपास मोडून काकांनी ती खाल्लीही. पण तळलेला पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतो, त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. दहा मिनिटांनी काका नीट बोलूही शकत नव्हते. शेजारच्या मेडिकलवाल्याने बोटातून तपासलं, साखर ५८. त्याने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ८४, मग थोडं खायला दिलं. त्या माणसाचे उपकार काका आजही मानतात.

मेटफॉर्मिनने एकटीने साखर सहसा अशी कोसळत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पिष्ट अचानक कमी केलं आणि ही गोळी तशीच राहिली, तर हे होणारच. सोमवारी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली, आणि उपासाच्या दिवशी ती घ्यायची नाही असं लिहून दिलं. दुकानाच्या खणात ग्लुकोजची पूड आली आणि सहकाऱ्यालाही सगळं समजावलं गेलं.

उपासांचं काय, हा प्रश्न उरला. सगळे सोडा असं म्हणणं मला सोपं होतं, पण त्या घराचा आठवडा त्या वारांवर उभा आहे. मी फक्त एवढंच सांगितलं की साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे फार उशिरा आला. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग माझ्या पणजीच्या उपासाला साबुदाणा नसेलच.” दोघांनी मिळून ठरवलं: काकांचे उपास फक्त दोन एकादशा, तेही डॉक्टरांना विचारून. ताटात अर्धी वाटी मोरधन (वरीचे तांदूळ, भगर), दाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, दही आणि घरचं पनीर. आकडा १२९ वरून १७६.

परिणाम

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३. तिसरी गोळी टळली. सहा महिन्यांनी ६.९, म्हणजे सरासरी साखर १५०च्या जवळ. वजन ७३ किलो, कंबर ९६. या सहा महिन्यांत डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड पूर्ण थांबवली, मेटफॉर्मिन चालू आहे.

त्यानंतर घरातलं लग्न आलं. दाल-बाफले (वरणाबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे), रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या फेऱ्या, थंडीतला गराडू, संक्रांतीचे लाडू. पुढचा एचबीए१सी ७.२ आला. काका ओशाळून आले होते, पण मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. लग्नघरात असं होतं. महत्त्वाचं हे की लग्न आटोपल्यावर आठवड्याभरात, कुणी सांगायच्या आत, कालनिर्णयवर पुन्हा आकडे दिसायला लागले होते.

एक परिणाम मात्र कटू निघाला. या काळात पहिल्यांदाच डोळ्यांचा पडदा तपासला, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मधुमेहाने होणाऱ्या बदलांची सुरुवात दिसली. नजर उत्तम होती, काही त्रास नव्हता. सध्या उपचाराची गरज नाही, पण ठरावीक काळाने तपासणी करत राहावी लागेल. मूत्रपिंडासाठी केलेली लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी सुदैवाने ठीक आली.

काय वेगळं करता आलं असतं

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पाच वर्षांपूर्वी, निदान झालं त्याच महिन्यात व्हायला हवी होती. प्रौढ वयातला हा मधुमेह कळण्याआधी कित्येक वर्षं आत शांतपणे चालू असू शकतो, म्हणून पहिली तपासणी निदानाबरोबरच आणि मग दरवर्षी करायची असते. या घरात ती कुणी सुचवलीच नाही. पाच वर्षं काका मुलांसाठी, घरासाठी राबत होते आणि डोळ्यांत हे साठत होतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

ग्लिमेपिराइड पहिल्यांदा लिहून दिली, तेव्हाच ‘तुम्ही उपास करता का?’ हा प्रश्न विचारला जायला हवा होता. मराठी घरात तो रक्तदाबाइतकाच आवश्यक आहे. साखर घसरल्याची लक्षणं आणि तेव्हा नेमकं काय द्यायचं, हेही त्याच दिवशी सांगायला हवं. साधी साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, कचोरी, पेढा, शिकंजी नाही. इंदूरची शिकंजी दुधाची, दाट असते. त्यातल्या स्निग्धांशामुळे तीही सावकाशच लागू पडते.

‘गोड बंद’ या दोन शब्दांच्या जागी पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं ताटाबद्दल बोलणं झालं असतं, काकूंना सोबत बोलावून, तर दोन वर्षांचा तो कडक संयम सार्थकी लागला असता. काकांच्या इच्छाशक्तीत काहीच कमी नव्हतं. त्यांना फक्त चुकीच्या दिशेला उभं केलं होतं.

हे ताट जसंच्या तसं कुणी उचलू नये. इन्शुलिन घेणारे, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंड कमजोर असलेली माणसं यांचं गणित वेगळं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती, हे डॉक्टरच ठरवतील.

मुलाचं वय ३१. वडिलांना मधुमेह, स्वतःचं काम संगणकासमोरचं, पोट सुटायला लागलेलं. आईने मागे लागून त्याची तपासणी करवली. उपाशीपोटी १०८, एचबीए१सी ५.९. हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा. या टप्प्यावर वजन पाच-सात टक्के उतरलं आणि रोजचं चालणं सुरू झालं, तर मधुमेह बराच काळ लांबवता येतो, काहींच्या बाबतीत टळतोही. त्याला गोळी दिलेली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, आणि तोपर्यंत त्याच्या डब्यात काकांचाच डबा भरला जातोय.